डॉट इन की डॉट कॉम? कोकणातल्या होमस्टेवाल्यांचे आणि आंबा बागायतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवेआगरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणाचीही वेबसाइट करायला घेतली की पहिला प्रश्न नावाच्या शेपटाचा येतो. फोटो, दरपत्रक, नकाशा सगळं त्यानंतर. म्हणून नेहमीचे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः गुगलला धरून आहेत, कारण आपला पाहुणा शोधतो तिथंच.

डॉट इन घेतलं तर गुगलवर वर येता येतं का?

तेवढ्यानं नाही. डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, शेपूट गुगलला एकच गोष्ट सांगतं: ही साइट कुठल्या देशातल्या लोकांसाठी आहे. साइट चांगली की टाकाऊ, ते त्यातून कळत नाही. एसटीच्या पाटीवर ‘मालवण’ लिहिलेलं असलं की गाडी कुठं जाते ते समजतं. वेळेवर पोचेल की कणकवलीला पंक्चर होईल, ते पाटी सांगत नाही.

गुगलनं नवशिक्यांसाठी जी मार्गदर्शिका ठेवली आहे तिच्यातही हेच लिहिलंय. एखाद्या ठरावीक देशातलं गिऱ्हाईक हवं असेल तरच शेपटाला अर्थ, आणि तेव्हाही परिणाम बहुधा थोडाच. त्यांनी उदाहरण दिलंय ते स्वित्झर्लंडमध्ये चीज विकणाऱ्याचं. त्यानं डॉट सीएच, म्हणजे तिथल्या देशाचं शेपूट, घ्यायला हरकत नाही, इतकंच.

आता हे आपल्याकडे लावून बघा. पुण्यातला माणूस शुक्रवारी रात्री ‘तारकर्ली होमस्टे’ शोधतो. त्या यादीत तुमच्यासोबत कोण असतं? देवबागचा शेजारी, मालवणातला लॉजवाला आणि मोठ्या बुकिंग कंपन्या. यातले सगळे एक तर भारतातले, नाही तर भारतासाठी वेगळी पानं ठेवणारे. ‘मी भारतासाठी आहे’ ही खूण प्रत्येकाकडे या ना त्या रूपात आहेच. जे मार्क वर्गातल्या सगळ्यांना मिळतात त्यांनी नंबर बदलत नाही. देशाच्या डोमेनचा उपयोग होतो तो दुसऱ्या देशातल्या साइटशी गाठ असेल तेव्हा, आणि तारकर्लीतल्या खोल्या पोर्तुगालहून कुणी भाड्यानं देत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मग दोघांतलं घेऊ कुठलं?

जे नाव फोनवर एकदा सांगून समोरच्याला लिहिता येईल, ते. दोन्ही मिळत असतील आणि परवडत असतील तर दोन्ही घ्या, एकावर साइट ठेवा आणि दुसरं तिकडे वळवा. डॉट कॉमचा फायदा म्हणजे लोक सवयीनं तेच टाइप करतात. डॉट इनचा फायदा म्हणजे हवं ते छोटं नाव अजून मिळण्याची शक्यता जास्त. हा गिऱ्हाइकाच्या सोयीचा भाग झाला. रँकिंगमध्ये, म्हणजे गुगलच्या यादीतल्या क्रमात, यानं फरक पडेल असं कुणी सांगून जास्त पैसे मागत असेल, तर चहा पाजा आणि निरोप द्या.

हे देशाचं डोमेन देतं कोण?

दोन अक्षरांचं शेपूट म्हणजे देश किंवा प्रदेश, असा इंटरनेटचा जुना शिरस्ता आहे. ही अक्षरं देशांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीतून येतात. डॉट इन भारताच्या नावे १९८९ साली लागलं. सुरुवातीला मुंबईतली एनसीएसटी ही सरकारी संस्था ते सांभाळायची, आणि नियम इतके कडक होते की फार थोड्यांनी ते घेतलं. २००५ पासून निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, या संस्थेकडे कारभार आला आणि डॉट इन सगळ्यांसाठी खुलं झालं. तुम्ही ज्याच्याकडून विकत घेता तो रजिस्ट्रार म्हणजे मधला विक्रेता.

डॉट को डॉट इन आणि डॉट इन यांत फरक काय?

शोधाच्या दृष्टीनं काहीच नाही. दोन्ही भारताचीच. डॉट को डॉट इन टाइप करायला लांब.

डॉट को, डॉट आयओ, डॉट एआय, डॉट टीव्ही हीसुद्धा देशांचीच ना? ती घेतली तर गुगल मला परदेशी समजेल का?

नाही समजणार. डॉट को कोलंबियाचं, डॉट टीव्ही तुवालूचं, डॉट मी माँटेनेग्रोचं, डॉट एआय अँग्विला नावाच्या कॅरिबियन बेटाचं. जगभरच्या लोकांनी ती इतकी वापरली की गुगल त्यांना डॉट कॉमसारखंच सर्वसाधारण धरतं. डॉट इन मात्र त्या यादीत नाही. ते भारताचं म्हणूनच मोजलं जातं.

तरी एक गोष्ट लक्षात असू द्या. देशाच्या डोमेनचं नशीब देशाशी बांधलेलं असतं. युगोस्लाव्हियाचे तुकडे झाले आणि अखेर २०१० मध्ये डॉट वाययू कायमचं बंद पडलं. डॉट आयओ हे हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाचं, म्हणजे चागोस बेटांचं; त्या बेटांवरचं सार्वभौमत्व मॉरिशसकडे सोपवण्याच्या करारावर मे २०२५ मध्ये सह्या झाल्या. शेपटाचं पुढं काय, यावर चर्चा चालू आहे. गुहागरच्या खानावळीला डॉट आयओ कशाला हवंय, हा प्रश्न वेगळाच.

माझं गिऱ्हाईक दुबईला आणि अमेरिकेतही आहे. डॉट इनमुळे तिकडे दिसणार नाही का?

‘तिकडचं गिऱ्हाईक’ म्हणताना बागायतदार दोन वेगळ्या माणसांना एकाच पिशवीत घालतात.

पहिला म्हणजे न्यू जर्सीत बसून पुण्यातल्या आईवडिलांना पेटी पाठवणारा मुलगा, किंवा लंडनहून डिसेंबरमध्ये गणपतीपुळ्याला यायचं ठरवणारं कुटुंब. त्यांच्या शोधातच ठिकाण असतं: ‘देवगड हापूस’, ‘गणपतीपुळे राहण्याची सोय’. अशा शोधाला भारतातलीच साइट हवी असते, त्यामुळे डॉट इन आड येत नाही. या माणसाला अडवतं ते पैसे भरण्याचं पान. परदेशी कार्ड चालत नाही, ओटीपी भारतीय नंबरावरच जातो, आणि तो कंटाळून दुसरीकडे वळतो. आधी ते दुरुस्त करा.

दुसरा म्हणजे दुबईतच आंबा विकत घेऊन दुबईतच खाणारा. तो ‘हापूस आंबा’ एवढंच शोधतो आणि गुगल त्याला जवळचं दुकान दाखवतं. तिथं तुमची डॉट इन साइट मागं पडणार हे खरंय, पण डॉट कॉम असती तरी तिथल्या घरपोच देणाऱ्या दुकानापुढं ती टिकली नसती. तिकडे पेटी पोचवतो तो तिथला व्यापारी, त्यामुळे साइटही त्याचीच चालणार. तुमचं काम त्याच्या साइटवर बागेचं नाव नीट लागलंय की नाही ते बघण्याचं.

खरोखरच दोन-तीन देशांत स्वतः विक्री करायची असेल, तर डॉट कॉम घेऊन प्रत्येक देशासाठी त्यातच वेगळा फोल्डर ठेवणं सगळ्यांत स्वस्त पडतं. पूर्वी सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात, ‘ही साइट अमुक देशासाठी’ असं नेमून देता यायचं. ती सोय गुगलनं २०२२ मध्ये काढून टाकली. देशोदेशीची डोमेनं घेण्याचा मार्ग आहे, पण प्रत्येकाचे नियम निराळे. डॉट एयूला ऑस्ट्रेलियाशी अधिकृत संबंध लागतो, डॉट यूएसला अमेरिकेशी, डॉट ईयूला युरोपीय संघाशी. शिवाय प्रत्येक डोमेन म्हणजे नवी साइट: लिंका, मजकूर, नूतनीकरण सगळं पुन्हा पहिल्यापासून. एका बागेच्या जिवावर हा संसार झेपत नाही.

डोमेनमध्ये गावाचं किंवा फळाचं नाव घातलं तर फायदा होतो का?

एके काळी व्हायचा. शोधातलेच शब्द जोडून डोमेन केलं की सुमार साइटही वर दिसायची. सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलनं खास याच प्रकाराला चाप लावला. आता नावातल्या शब्दांचं वजन नगण्य आहे. पाहुण्याला वाचताक्षणी कळतं, तेवढा उपयोग राहिला.

त्यातही आपल्या गावांची इंग्रजी स्पेलिंग म्हणजे एक प्रकरणच आहे. गणपतीपुळ्यात ‘गणपती’चं स्पेलिंग ‘जी’नंतर एक ‘ए’ घालून, पण ‘एन’नंतरचा ‘ए’ कुणी घालतं, कुणी गाळतं. दिवेआगर काहीजण जोडून लिहितात, काही तोडून. हर्णै तर विचारूच नका. गावाचं नाव घेणार असाल तर आधी दहा गिऱ्हाइकांना ते मोबाइलवर लिहायला सांगा आणि जे जास्त जण लिहितील ते घ्या.

‘हापूस’ शब्दाबद्दल वेगळं सांगायला हवं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. मानांकन हे त्या भागातल्या उत्पादकांचं सामाईक असतं. डोमेनमध्ये ‘हापूस’ घातलं म्हणून नाव तुमच्या मालकीचं होत नाही, आणि दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा परराज्यातला आंबा त्या नावाखाली विकणं महागात पडू शकतं. आपल्या आडनावाचं किंवा बागेचं नाव बरं. पुढं काजू, कोकम, फणसपोळी विकायची झाली तरी ते चालतं.

डॉट भारत घ्यावं का? म्हणजे पूर्ण पत्ताच मराठीत?

देवनागरीतलं डॉट भारत २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, आणि ते मराठी-हिंदीबरोबर कोकणीसकट आठ भाषांसाठी आहे. गुगल असे पत्ते व्यवस्थित वाचतं. आतून मात्र संगणक त्याचं इंग्रजी अक्षरांत एक विचित्र रूपांतर करतो, सुरुवातीला ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघा असलेलं. काही ॲपमध्ये लिंक पाठवली की तेच रूप दिसतं, आणि पाहुण्याला वाटतं काहीतरी फसवाफसवी आहे.

दुसरी अडचण आपल्या लेखनाची. ‘गणपतीपुळे’ आणि ‘गणपतिपुळे’ आपल्याला एकच. संगणकाला ते दोन वेगळे पत्ते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की पाहुणा भलतीकडे. ईमेलचंही तसंच, देवनागरी पत्त्यावर पाठवलेली मेल सगळीकडे स्वीकारली जाईल याची खात्री नाही.

तरीही मला डॉट भारत आवडतं. दुकानाच्या फलकावर, आंब्याच्या पेटीवर ते देखणं दिसतं, आणि मराठी माणसाला चटकन वाचता येतं. मुख्य साइट डॉट इन किंवा डॉट कॉमवर ठेवा, डॉट भारत तिकडे वळवा. रँकिंगसाठी घेत असाल तर मात्र पैसे वाचवा.

मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन साइट वेगवेगळ्या डोमेनवर कराव्यात का?

करू नयेत. एकाच डोमेनवर तीन फोल्डर करा आणि पानांना एकमेकांशी ‘एचरेफलँग’ या खुणेनं जोडा, म्हणजे मराठीत शोधणाऱ्याला मराठी पान मिळतं. गुगल यात भाषांचे दोन अक्षरी संकेत मागतं. मराठीला ‘एमआर’ आहे, हिंदीला ‘एचआय’. कोकणीला दोन अक्षरी संकेतच नाही, फक्त तीन अक्षरी ‘केओके’, त्यामुळे कोकणी पान करायचं असेल तर हौसेनं करा, पण ही खूण तिथं कामी येणार नाही. आणि मजकूर माणसानं लिहिलेला असू दे. यंत्रानं केलेल्या भाषांतरात ‘सोलकढी’चं काय होतं ते मी पाहिलंय.

मग खरोखर वर यायला काय करायचं?

नकाशावरची तुमची मोफत नोंद, म्हणजे गुगल बिझनेस प्रोफाइल, पूर्ण करायची. राहण्या-जेवण्याच्या शोधात आधी नकाशाच दिसतो. तिथला क्रम तीन गोष्टींवर लागतो असं गुगल स्वतः सांगतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि तुमची प्रसिद्धी. डोमेनचं शेपूट यात कुठं नाही.

आपल्याकडे सगळ्यांत जास्त गोंधळ पिनचा. घर रस्त्यापासून आत, माडांच्या बागेत, आणि पिन टाकलेली ग्रामपंचायतीवर. पाहुणा रात्री अकराला भलत्याच वाडीत गाडी घालतो आणि दुसऱ्या दिवशी एक तारा देऊन मोकळा होतो. पिन स्वतः अंगणात उभं राहून लावा. पत्त्यात वाडीचं नाव घाला. साइटवरचा फोन आणि प्रोफाइलवरचा फोन एकच ठेवा.

मग साइटवर ते लिहा जे लोक फोनवर विचारतात. गाडी दारापर्यंत येते का. समुद्र किती चालत. शाकाहारी वेगळं शिजतं का. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी पावसाळ्यात बंद असते, तेव्हा जूनमध्ये येणाऱ्यानं काय बघावं. एका खोलीचा दर गणपतीत किती आणि जुलैत किती. बहुतेक साइटवर ‘निसर्गरम्य कोकणात आपले स्वागत’ आणि नारळाच्या झाडाचा विकतचा फोटो असतो. गुगलला त्यात पाहुण्याला दाखवण्याजोगं काही सापडत नाही. बागायतदारांनी पेटीत किती डझन, फळाचं वजन काय, पिकायला किती दिवस, खराब निघालं तर काय, हे लिहावं.

देशाची खूण द्यायचीच असेल तर तीही यातूनच जाते. भारतातला पत्ता, फोन नंबर, रुपयांतले दर, स्थानिक भाषा आणि आसपासच्या साइटवरून आलेल्या लिंका हे सगळं गुगल त्यासाठी बघतं. साइट डॉट कॉम असली तरी त्यावरून ती भारताची हे त्याला कळतं.

गुगलनं स्वतःच गुगल डॉट को डॉट इन बंद केलं म्हणे. मग देशाची डोमेनं संपली का?

एप्रिल २०२५ मध्ये गुगलनं जाहीर केलं की देशोदेशीचे त्यांचे पत्ते हळूहळू गुगल डॉट कॉमकडे वळवले जातील. कारण साधं आहे: २०१७ पासूनच कुठल्या पत्त्यावर शोधताय यापेक्षा तुम्ही कुठं बसलाय हे बघून निकाल दिले जातात. हा निर्णय त्यांच्या स्वतःच्या पत्त्यांपुरता. तुमच्या डॉट इनला त्यानं काही झालेलं नाही.

जुन्या डोमेनवरून नव्यावर जायचंय. रँक जाईल?

थोडे दिवस हलेल, मग सावरेल, जर काम नीट केलं तर. जुन्या साइटचं प्रत्येक पान नव्या साइटच्या त्याच पानाकडे कायमस्वरूपी, म्हणजे ३०१ प्रकारानं, वळवायचं. सगळी पानं मुखपृष्ठावर ढकलायची नाहीत. हा आळस फार बघायला मिळतो. सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याची नोंद करायची. जुनं डोमेन किमान वर्षभर चालू ठेवा असं गुगल म्हणतं. मी म्हणेन, कधीच सोडू नका; छापलेल्या पेट्या आणि कार्डं वर्षानुवर्षं फिरत असतात.

मुहूर्त मात्र बघा. आंबेवाल्यानं हे मार्च ते मे या काळात करू नये, होमस्टेवाल्यानं दिवाळी-नाताळच्या तोंडावर करू नये. जुलैतला पाऊस या कामाला उत्तम.

डोमेन पाच-दहा वर्षांचं एकदम घेतलं तर रँक वाढते?

वाढत नाही. नूतनीकरण विसरण्याचा धोका टळतो, तेवढ्यासाठी घ्या.

सर्व्हर, म्हणजे साइट ठेवलेला संगणक, मुंबईत असायला हवा का?

वेगासाठी बरं. देश ओळखायला गुगल त्यावर फारसं विसंबत नाही.

दुसऱ्याचं संपलेलं जुनं डोमेन विकत घेतलं तर त्याची पुण्याई मिळते का?

मार्च २०२४ पासून अशा डोमेनवर फक्त रँकसाठी भलताच मजकूर चढवणं गुगलच्या नियमांत सरळ स्पॅम आहे.

डोमेन कुणाच्या नावावर असावं?

हा प्रश्न लोक क्वचित विचारतात. खरं तर पहिला हाच विचारायला हवा.

तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर. साइट करणाऱ्याच्या नाही. मुंबईतल्या पुतण्याच्या ऑफिसच्या ईमेलवर तर मुळीच नाही, कारण तो नोकरी बदलतो आणि नूतनीकरणाची आठवण कुणी न वाचणाऱ्या खात्यात पडून राहते. मग मे महिन्यात, ऐन ऑर्डरींच्या गर्दीत, साइट उघडेनाशी होते. मुदत संपल्यावर काही दिवस सोडवून घेता येतं, पण अनेकदा दंडासह. त्यानंतर नाव बाजारात जातं आणि दुसरं कुणीही ते उचलू शकतं. वर्षानुवर्षांच्या लिंका आणि ओळख त्याच्यासोबत जाते. शेपटावरून घासाघीस करणाऱ्यांचं खरं नुकसान इथं होतं.

पहिल्या वर्षाच्या स्वस्त दराला भुलू नका, दुसऱ्या वर्षापासूनचा दर विचारा. आणि फुकटच्या पत्त्यावर धंदा उभा करू नका. गुगलच्याच बिझनेस प्रोफाइलमधून मोफत साइट बनवता यायची, डॉट बिझनेस डॉट साइट असा पत्ता मिळायचा. मार्च २०२४ मध्ये गुगलनं त्या सगळ्या साइट बंद केल्या आणि जूनपर्यंतच लोकांना दुसरीकडे वळवलं. ज्यांनी तो पत्ता बोर्डावर रंगवला होता त्यांना बोर्ड नवा करावा लागला.

डॉट इन म्हणजे साइट खरी, असं पाहुण्यांना सांगू शकतो का?

नका सांगू. साधं डॉट इन कुणालाही मिळतं, भामट्यालाही. राखीव असतात ती आतली काही नावं: डॉट गव्ह डॉट इन सरकारी कार्यालयांनाच, डॉट एसी डॉट इन शिक्षणसंस्थांना. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये बँकांसाठी डॉट बँक डॉट इन सुरू करवलं आणि त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत बँकांना तिकडे जायला सांगितलं. होमस्टेसाठी असं राखीव शेपूट नाही.

त्यामुळे तुमच्या नावाची नकली साइट कुणी काढून आगाऊ पैसे उकळत असेल तर पाहुण्याला डोमेनवरून ते ओळखता येणार नाही. साइटवर ठळक लिहा की आगाऊ रक्कम कुठल्या नावाच्या खात्यात जाते आणि आधी फोन करून खात्री करा. नकली डोमेन डॉट इनमधलं असेल आणि नाव तुमच्या ट्रेडमार्कचं असेल, तर निक्सीकडे तंट्याची तक्रार करायची वेगळी पद्धत आहे, तिला आयएनडीआरपी म्हणतात; तिला वेळ लागतो. पैसे गेलेच असतील तर पाहुण्याला लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायला सांगा.